पोटासाठीं गांव सोडणाऱ्यांची खानेसुमारी

दिवाळी उलटली, कीं आमच्या जुन्नर व आंबेगांव तालुक्यांत माणसांची ये-जा सुरू होते. पश्चिमेच्या डोंगरपट्ट्यांत भाताची कापणी-झोडणी आटोपते, आणि घाटघर-अंजनावळ्याकडील, आहुपे-पिंपरगण्याकडील महादेव कोळी, ठाकर व कातकरी कुटुंबें बोचकें डोक्यावर व मूल कडेवर घेऊन पूर्वेकडे उतरतात. कोणी नारायणगांवास, कोणी ओतुरास, कोणी मंचरास. त्याच सुमारास बीड जिल्ह्यांतील आष्टी-पाटोद्याच्या व अहिल्यानगर जिल्ह्यांतील पाथर्डीच्या बाजूच्या ऊसतोड टोळ्या बैलगाड्या व ट्रॅक्टर घेऊन येतात, आणि विघ्नहर व भीमाशंकर या दोन सहकारी साखर कारखान्यांच्या टापूंत कोप्या घालून राहतात. आणि आमच्या घरचे तरणे पोरगे एस्. टी. धरून मुंबई, पुणें व चाकण यांच्या वाटेस लागतात ते बारमाही.

आतां कोणत्याही गांवच्या चावडींत जाऊन एक साधा सवाल विचारा : यंदा या गांवांतून पोट भरण्यास किती माणसें बाहेर गेलीं, आणि बाहेरून किती आलीं? उत्तर मिळणार नाहीं. सातबाऱ्यावर ऊस किती गुंठे व कांदा किती गुंठे हें लिहिलेलें आहे. विहीर लिहिलेली आहे, झाडेंसुद्धां लिहिलेलीं आहेत. सरकार गुरांची गणती १९१९ सालापासून करीत आलें आहे, व तींत म्हैस, शेळी, कोंबडी सारें मोजलें जातें. धरणांत पाणी किती साठलें हें पावसाळ्यांत रोजच्या रोज वर्तमानपत्रांत छापून येतें. कारखान्याच्या काट्यावर ऊस किलोपर्यंत तोलला जातो. फार काय, जुन्नरच्या वनविभागांत पकडलेल्या बिबट्यांच्या अंगांत ओळखीची चिप बसविण्याचें काम झालेलें आहे, आणि माणिकडोहास त्यांच्यासाठीं निवारा केंद्रही आहे. पण त्याच बिबट्याच्या धास्तीनें उसाच्या कडेला कोपींत रात्र काढणाऱ्या मजुराचें पोर कोणत्या गांवचें, तें शाळेंत जातें कीं नाहीं, त्याला लस टोंचली कीं नाहीं, हें सांगणारें एकही दप्तर गांवांत नाहीं.

कोणी म्हणेल, गणतीनें का कोणाचें पोट भरतें? नाहीं भरत, हें खरें. परंतु स्वस्त धान्याच्या दुकानास धान्य किती द्यावयाचें, शाळेंत मास्तर किती ठेवावयाचे, दवाखान्यांत औषध किती पाठवावयाचें, हें सारें आंकड्यांवरून ठरतें. ज्याचा आंकडा नाहीं त्याचा वांटाही नाहीं. म्हणून गणती पाहिजेच. पण गणती कोणती, ती कोणाच्या हातीं, आणि तिच्यावरून जाब कोणास विचारावयाचा, हा त्याहून मोठा प्रश्न आहे. या लेखांत आम्ही तोच मांडूं इच्छितों.

गांव सोडणें आमच्या लोकांस नवें नाहीं. आंबेगांव तालुक्यांतील महाळुंगे पडवळचा बाबू गेनू मुंबईस गिरणींत कामाला गेला होता, आणि १२ डिसेंबर १९३० रोजीं परदेशी कापडाच्या लॉरीपुढें आडवा पडून तेथेंच हुतात्मा झाला. मुंबईचे डबेवाले बहुतेक खेड, आंबेगांव, जुन्नर, मावळ, मुळशी याच मुलखाचे. भाजीबाजारांत व धान्यबाजारांत पाठीवर पोतीं वाहणारे घाटावरचेच. दर महिन्याला येणाऱ्या मनिऑर्डरीवर आमच्या आजीआजोबांच्या काळीं निम्मी घरें चालत, व सारा भरला जात असे तोही त्याच पैशांतून. आतां मनिऑर्डरीची जागा बँकखात्यानें घेतली, एवढाच फरक.

नवें झालें तें एवढेंच कीं, गांव सोडण्याची एक नवी वाट आमच्या तालुक्यांच्या आंतच पडली. कुकडी प्रकल्पाचीं येडगांव, माणिकडोह, वडज, पिंपळगांव जोगें व डिंभें हीं पांच धरणें झालीं. ज्या आंबेगांवाचें नांव सबंध तालुक्यास मिळालें तें जुनें आंबेगांव डिंभें धरणाच्या पाण्याखालीं गेलें. त्या जलाशयास आज हुतात्मा बाबू गेनू सागर म्हणतात. पाणी कालव्यांनीं पूर्वेकडे गेलें, तेथें ऊस, द्राक्षें, टोमॅटो, कांदा पिकूं लागला, आणि पाण्याच्या मागोमाग डोंगरांतला माणूसही मजुरीसाठीं पूर्वेकडे जाऊं लागला. नारायणगांवांत सकाळीं मजुरांचा बाजार भरतो. तेथें जुन्नर-आंबेगांवचे आदिवासी असतात, तसे अकोल्याचे व नाशिककडचेही असतात. पाणी किती गेलें याची नोंद पाटबंधारे खात्याकडे आहे. माणूस किती गेला याची नोंद मात्र कोणाकडेच नाहीं.

याचें कारण काय? सरकार मोजतच नाहीं असें नव्हे. सरकार मोजतें, पण त्याची चाळणच अशी आहे कीं आमचा माणूस तींतून खालीं गळतो. पहिली चाळण खानेसुमारीची. ती दहा वर्षांनीं एकदां होते. २०११ सालीं झाली. २०२१ ची वेळेवर झाली नाहीं, आणि पुढील खानेसुमारीचा ठरलेला दिवस आहे १ मार्च २०२७. म्हणजे मध्यें सोळा वर्षांचें अंतर. २०११ च्या खानेसुमारींत देशांत आपलें मूळ ठिकाण सोडलेलीं माणसें ४५ कोटींहून अधिक निघालीं. आंकडा वाचून छाती दडपते. पण त्यांतल्या निम्म्याच्या आसपास लग्न होऊन सासरीं गेलेल्या बायका आहेत. दिवाळीला जाऊन पाडव्याला परतणारा मजूर त्या भल्यामोठ्या आंकड्यांत कोठें आहे हें शोधूनही सांपडत नाहीं.

दुसरी चाळण राष्ट्रीय नमुना पाहणीची. २००७-०८ च्या पाहणींत थोड्या मुदतीसाठीं बाहेर जाणारा म्हणजे कोण, तर वर्षांत एक महिन्याहून कमी नाहीं व सहा महिन्यांच्या आंत कामासाठीं घराबाहेर राहिलेला, अशी व्याख्या होती. आतां आमच्याकडे पाहा. टोमॅटो तोडण्यास वीस दिवस जाऊन परत येणारी, आणि पुन्हां कांदा काढण्यास पंधरा दिवस जाणारी डोंगरांतली बाई या व्याख्येच्या अलीकडे राहण्याचा संभव. हंगाम लांबला व सहा महिन्यांवर गेला तर ऊसतोड्या व्याख्येच्या पलीकडे. टोपलीचीं भोकें ज्या मापाचीं, त्याच मापाचें धान्य तींत राहतें, बाकीचें सांडतें.

तिसरी चाळण कायद्याची. १९७९ सालीं परप्रांतांत जाणाऱ्या मजुरांसाठीं केंद्राचा कायदा झाला. २०२५ च्या नोव्हेंबरांत त्याच्या जागीं नवी श्रमसंहिता अमलांत आली. पण दोहोंची मेख एकच : मजुरानें एका राज्याची हद्द ओलांडून दुसऱ्यांत गेलें पाहिजे. बीडचा मजूर जुन्नरास आला काय, आहुप्याचा मंचरास आला काय, त्यानें राज्याची हद्द ओलांडलीच नाहीं. सबब कायद्याच्या दृष्टीनें तो घरींच आहे! पोरांस पाठीशीं बांधून दीडदोनशें मैल गाडींतून आलेल्या माणसास कायदा म्हणतो, तूं जागचा हललाच नाहींस.

आणि चौथी चाळण आमच्याच धंद्याची. ऊसतोडींत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. उचल मुकादम देतो ती एका कोयत्याची, हिशेब होतो तो एका कोयत्याचा, आणि पैसा जातो बहुधा नवऱ्याच्या हातीं. पहांटे उठून भाकरी थापणारी, दिवसभर मोळ्या बांधून डोक्यावरून गाडींत चढविणारी बाई हिशेबाच्या वहींत अर्धें हत्यार होऊन बसते. तिला स्वतःचा आंकडाच नाहीं, मग तिची स्वतंत्र मजुरी कोठून असणार?

गणती नसली म्हणजे काय होतें हें २०२० सालीं देशानें पाहिलें. टाळेबंदी झाली, गाड्या बंद झाल्या, आणि मजूर पायीं घरीं निघाले. एक कोटीहून अधिक मजूर आपापल्या राज्यांत परतले असें पुढें सरकारनें सांगितलें. पण वाटेंत किती मेले, असें सप्टेंबर २०२० मध्यें लोकसभेंत विचारलें असतां श्रम मंत्रालयाचें उत्तर आलें, कीं अशी माहिती ठेवलेली नाहीं. आणि मेलेल्यांची माहिती नाहीं म्हटल्यावर त्यांच्या घरच्यांस नुकसानभरपाई देण्याचा प्रश्नच उरत नाहीं. पाहा, एका ओळीच्या उत्तरानें किती घरांचा दावा बुडाला.

आणि गणती झाली म्हणजे काय होतें, तेंही जवळच पाहण्यासारखें आहे. बीड जिल्ह्यांत ऊसतोड बायांचीं गर्भाशयें काढलीं जातात, ही कुजबूज पुष्कळ दिवस होती. कुजबुजीस सरकार उत्तर देत नाहीं. २०१९ सालीं चौकशी समिती नेमून पाहणी झाली, आणि ८२,३०९ ऊसतोड बायांपैकीं १३,८६१ बायांचीं गर्भाशयें काढलेलीं आहेत, असा आंकडा बाहेर आला. म्हणजे दर सहा बायांमागें एक! हा आंकडा कागदावर आला तेव्हां विधिमंडळास बोलावें लागलें, खासगी दवाखान्यांच्या शस्त्रक्रियांवर देखरेख ठेवावी लागली. त्या बाया आधींही दुःखींच होत्या, पण दुःख मोजलें गेलें नव्हतें. मोजलेल्या दुःखास सरकारला उत्तर द्यावें लागतें.

आतां सरकारनें मधल्या काळांत कांहींच केलें नाहीं असें म्हणणें अन्यायाचें होईल. २६ ऑगस्ट २०२१ रोजीं केंद्रानें ई-श्रम नांवाचें पोर्टल उघडलें, आणि असंघटित कामगारांस बारा आंकडी नंबराचीं कार्डें दिलीं. आजवर तीस कोटींहून अधिक नांवें त्यांत चढलीं आहेत. राज्याच्या महिला व बालविकास खात्यानें २०२२ सालीं स्थलांतर करणाऱ्या गरोदर व लेंकुरवाळ्या बायांचा आणि मुलांचा माग ठेवण्यासाठीं मोबाईलवर चालणारी पद्धत आणली, कीं अंगणवाडीचा आहार व लसी त्यांस परगांवींही मिळाव्या. ऊसतोड कामगारांसाठीं गोपीनाथ मुंडे यांच्या नांवानें महामंडळ निघालें. त्यासाठीं कारखान्यांकडून टनामागें १० रुपये व तितकेच सरकारकडून घेण्याचें ठरलें, आणि ग्रामसेवकानें मजुरांस ओळखपत्रें द्यावीं असा हुकूम झाला. शिधापत्रिकेवर आतां कोठल्याही गांवीं धान्य उचलतां येतें. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें तर स्थलांतरित कुटुंबाच्या मुलास शाळेंत घेणें व आपल्या हद्दींतील १४ वर्षांपर्यंतच्या मुलांची नोंद ठेवणें हें स्थानिक संस्थेचें कर्तव्यच ठरविलें आहे.

हें सर्व चांगलें आहे. पण घोटाळा असा, कीं बाप एका पोर्टलवर, आई व तान्हें मूल दुसऱ्या खात्यांत, थोरला मुलगा शाळेच्या पटावर, शिधापत्रिका दुकानदाराच्या यंत्रांत, आणि तोडलेल्या उसाचें वजन कारखान्याच्या दप्तरांत. एकच कुटुंब पांच दप्तरांत पांच तुकडे होऊन पडलें आहे, आणि हीं दप्तरें एकमेकांशीं बोलत नाहींत. शिवाय मजुराचें नांव सर्वत्र लिहिलें जातें. त्याला उचल देऊन नेणाऱ्या मुकादमाचें नांव त्याच्या कार्डावर लिहावें लागत नाहीं. लग्नांत नवरीची याद करावी व नवऱ्याचें नांव गाळावें, तशी ही नोंद आहे.

आणखी एक खोड अशी, कीं कार्डें किती वांटलीं हाच आंकडा प्रगतीचा म्हणून सांगितला जातो. गेल्या सालीं एवढीं लाख, यंदा एवढीं लाख, म्हणून टाळ्या पडतात. अहो, कार्ड म्हणजे कांहीं भाकरी नव्हे. उद्यां कारखान्यानें म्हटलें, यंदा आम्हीं पावत्यांचे इतके कागद छापले म्हणून उसाला भाव चांगला मिळाला, तर शेतकरी ऐकून घेईल काय? तो म्हणेल, कागद राहूं द्या, टनामागें हातांत किती पडलें तें सांगा. तोच सवाल मजुराच्या बाबतींत केला पाहिजे. कार्ड मिळाल्यावर त्याच्या पोराची शाळा सुटायची थांबली काय? उचल फिटली काय? बाईच्या हातीं तिची मजुरी पडली काय? हें सांगणारा आंकडा कोठेंच छापून येत नाहीं.

खरी गणती कशी असते याचे दाखले आमच्यापाशीं आहेत. 'दीनबंधु'कार नारायण मेघाजी लोखंडे यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरण्यांतील साडेपांच हजार कामकऱ्यांच्या सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढें ठेवला. रोज किती तास काम, जेवायला किती मिनिटें सुटी, पगार किती तारखेस, दुखापत झाली तर काय, हें त्यांत मोजून सांगितलें होतें. गिरणीवाले दुष्ट आहेत एवढेंच म्हणून ते थांबले नाहींत. तास व तारखा मांडल्या, व आठवड्याची रविवारची सुटी १८९० सालीं मिळवून दाखविली. त्या अर्जावर आंगठे उठविणारे व सह्या करणारे कोण होते? कोंकणांतून व घाटावरून गांव सोडून गेलेले तुमचेआमचेच पूर्वज.

दुसरा दाखला माथाडी कायद्याचा. १९६९ सालीं महाराष्ट्रानें हमाल-माथाड्यांसाठीं जो कायदा केला, त्यांत एक अस्सल गोष्ट आहे : मंडळाच्या दप्तरीं हमालाची नोंद होते तशी मालकाचीही होते. मालकानें मजुरी मंडळाकडे भरावयाची, वर ठराविक लेव्ही भरावयाची, आणि मंडळानें ती हमालास द्यावयाची. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी, औषधपाणी याच पैशांतून. दोन्ही बाजूंचीं नांवें असल्यामुळें पैसा थकला तर कोणाकडे बोट दाखवावें हें ठाऊक असतें. हा कायदा आजचा नव्हे, कागदावरचा नव्हे. आमच्या तालुक्यांतल्या कित्येक घरांवरचें पत्र्याचें छप्पर जाऊन स्लॅब पडला तो या नोंदवहीच्या जोरावर.

तिसरा दाखला केरळचा. तेथें तिरुवनंतपुरमच्या एका अभ्याससंस्थेनें १९९८ सालापासून बाहेरदेशीं गेलेल्यांची पाहणी चालविली, आणि ती दर कांहीं वर्षांनीं पुन्हां पुन्हां केली. अलीकडची २०२३ ची. मूळ प्रश्न तेच ठेवल्यामुळें मागच्या खेपेपेक्षां किती गेले, किती परतले, पैसा किती आला, हें ताडून पाहतां येतें. परदेशस्थ मल्याळी लोकांसाठीं सरकारांत वेगळें खातेंही आहे. एकदांच मोजलेला आंकडा म्हणजे एका दिवसाचा पाऊस; दहा वर्षांची नोंद असेल तरच दुष्काळ ओळखूं येतो.

जगानेंही हेंच ठरविलें आहे. डिसेंबर २०१८ मध्यें मोरोक्को देशांतील माराकेश शहरीं राष्ट्रांनीं स्थलांतराविषयीं जो करार मान्य केला, त्यांतील २३ उद्दिष्टांपैकीं पहिलेंच उद्दिष्ट आहे, खरी माहिती गोळा करावी व तिच्यावरून धोरण ठरवावें. तो करार देशाबाहेर जाणाऱ्यांसाठीं आहे. पण आष्टीहून जुन्नरास येणाऱ्याला तें शहाणपण कां लागूं पडूं नये?

येथें एक धोक्याची सूचना दिल्यावांचून आम्हांस पुढें जातां येत नाहीं. नोंदवही हें दुधारी हत्यार आहे. १८७१ सालीं इंग्रज सरकारनें कित्येक भटक्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवून त्यांचीं नांवें वहींत घेतलीं, आणि त्यांना हजेरी द्यावयास लावली. तो कायदा १९५२ सालीं रद्द झाला, पण आजही पारध्याचें पोर गांवांत आलें कीं कोणीतरी पोलीस-पाटलास वर्दी देतो. म्हणून उद्यां कोणी म्हणेल, कीं बाहेरून आलेल्या मजुरांचे आंगठे व फोटो घेऊन ठाण्यांत द्या, तर ती गणती नव्हे, ती हजेरी. मजुराची नांवनिशी गांवच्या दप्तरांतच राहावी, वर जावे ते फक्त बेरजेचे आंकडे. पोटासाठीं आलेल्या माणसास वही दिसली कीं पळून जावेंसें वाटलें, तर ती वही जाळलेली बरी.

आतां शेवटची व कडू गोष्ट. ती सरकारास नव्हे, तुम्हां-आम्हांस सांगावयाची आहे. आमचा मुलगा मुंबईस मालकानें नाडला तर आम्ही पारावर बसून मालकाच्या नांवानें बोटें मोडतों. पण नारायणगांवच्या बाजारांतून टोमॅटो तोडण्यास दहा बाया पिकअप गाडींत घालून आणतांना आम्हीच मालक असतों, हें विसरतों. त्यांतली एखादी गाडींतून पडली, तर तिचें नांवही आम्हांस ठाऊक नसतें. कोपीसाठीं जागा देतों, पण पाण्याच्या नळास हात लावूं देण्यास कां-कूं करतों. मजुरांची नोंद ठेवा म्हटलें, कीं बागाईतदाराच्या पोटांत गोळा येतो : मजुरी किती देतों हें लिहावें लागेल, किमान वेतनाची गोष्ट निघेल. पिकाला भाव नसला तर मजुरी कोठून द्यावी, हें त्याचें गाऱ्हाणें खोटें नाहीं. पण तें गाऱ्हाणें बाजाराशीं व सरकाराशीं आहे, तोडणाऱ्या बाईशीं नव्हे. शेतमालाच्या भावाच्या भांडणांतही हाच आंकडा शेतकऱ्याच्या कामास येईल. मजुरीवर खरा खर्च किती झाला हें लिहिलेलें असेल, तर उत्पादनखर्च काढणाऱ्यांपुढें तें ठेवतां येईल. आज तोंडी सांगितलें तर कोण मानतो?

सबब आमची सूचना अशी आहे. प्रत्येक ग्रामपंचायतीनें एक वही घालावी. तिचीं दोन पानें, एक जाणाऱ्यांचें व एक येणाऱ्यांचें. रकाने थोडे व सोपे : नांव, वय, बाई कीं पुरुष, कोठें व किती दिवस, मुकादम किंवा मालक कोण, उचल किती, बरोबर मुलें किती व त्यांची शाळा कोणती. बाईचें नांव वेगळ्या ओळींत लिहावें. कोयता म्हणून एका ओळींत दोघांस कोंबूं नये. अंगणवाडीताईच्या डोक्यावर आधींच ढीगभर वह्या आहेत. तिच्यावर आणखी भार टाकूं नये. गांवांतली शिकलेली मुलगी किंवा बचतगटांतील बाई नेमावी, आणि पंचायतीनें तिला मेहनताना द्यावा.

ग्रामसभा २ ऑक्टोबरला व १ मे रोजीं भरविण्याची वहिवाट आहेच. पहिली हंगामाच्या तोंडावर येते, व दुसरी माणसें परत आल्यावर. ऑक्टोबरांत जाणाऱ्यांचें पान उघडावें. येणाऱ्यांचें पान टोळ्या उतरतील तसें भरावें. आणि मे महिन्यांत दोन्ही मिटवावीं. मिटवितांना पांच आंकडे मोठ्यानें वाचून दाखवावे व चावडीच्या फळ्यावर लिहावे. किती मुलांची शाळा मोडली? किती बायांस मजुरी स्वतःच्या हातीं मिळाली? किती कुटुंबांवर उचलीचें कर्ज बाकी राहिलें? परगांवीं किती जणांस शिधा मिळाला? किती जण जखमी झाले वा मेले, आणि त्यांतल्या किती घरांस भरपाई पोंचली? पुढच्या वर्षीं त्याच फळ्यावर त्याच पांच ओळी पुन्हां लिहाव्या, मागचा आंकडा न पुसतां. शाळा मोडलेलीं मुलें चाळीसांवरून पंचवीसांवर आलीं तर ती प्रगती. चाळीसांचीं पन्नास झालीं तर सरपंचानें, ग्रामसेवकानें, मुकादमानें व कारखान्याच्या शेतकी खात्यानें ग्रामसभेपुढें उभें राहून कारण सांगावें. दोन्ही तालुक्यांच्या पंचायत समित्यांनीं गांवोगांवच्या बेरजा एकत्र केल्या, म्हणजे कोणत्या गांवांत शाळेची सोय पाहिजे, कोठें फिरता दवाखाना पाहिजे, डोंगरांत कोठें हंगामी काम काढलें तर माणूस उतरावयाचा थांबेल, हें आपोआप दिसेल.

हें करण्यास मुंबईचा हुकूम लागत नाहीं, दिल्लीचें पोर्टल लागत नाहीं. शंभर पानी वही व खरें बोलणारी ग्रामसभा एवढें पुरे. गांव करी तें राव न करी, असें आपण म्हणतों. मग येत्या २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेंत हात वर करून एवढाच ठराव मांडा, कीं आमच्या गांवांतून जाणारा व आमच्या शेतावर येणारा, दोघांचीं नांवें एकाच वहींत एकाच शाईनें लिहिलीं जावीं. जो शेतकरी दोन्ही पानें स्वतः भरील, त्यालाच उद्यां आपल्या मुंबईच्या मुलासाठीं जाब विचारण्याचा अधिकार राहील.